आठ दिवसांची खुशाली

अथेन्स
शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५

नूरीस सलाम.

पत्र ‘सर्व खुशाल’ने सुरू करायची आपली जुनी सवय, पण आज हात वळत नाही. इथे काही खुशाल नाही.

फोनवर आपलं दोन मिनिटांत वाजतं, म्हणून ठरल्याप्रमाणे कागदावर लिहून फोटो पाठवतोय. तू गावी आणि मी कुवेतात, अशी चौदा वर्षं आपण कागदावरच संसार केला. तेव्हा पत्राला पंधरा दिवस लागायचे. हे क्षणात पोचेल, तेव्हा उत्तरही लवकर दे.

ही सहल नाही, हजेरी आहे. चाळीस माणसं, चाळीस नारिंगी टोप्या. सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बस. सगळे मुंबईहून आलेत, कुवेतहून येऊन मिळालेला मी एकटा. मयूर नावाचा आमचा टूर मॅनेजर आपल्या आतिफपेक्षाही लहान आहे. मिटलेली छत्री उंच धरून पुढे पळतो आणि मागे न बघता ओरडतो, “चला काका, फोटो झाला असेल तर निघू!” ॲक्रोपोलिसच्या टेकडीवर अडीच हजार वर्षांचे खांब उभे आहेत. मला एकेक खांब जवळून बघायचा होता. पंचवीस मिनिटं दिली, त्यातली दहा बाथरूमच्या रांगेत गेली.

भांडणं नकोत म्हणून बसमधल्या सीटा रोज दोन ओळी मागे सरकवतात. माझ्या बाजूची तुझी सीटही माझ्याबरोबर सरकते, रिकामीच. आज तिच्यावर शत्रुघ्नरावांनी पिशवी ठेवली. हे साताऱ्याचे निवृत्त तलाठी, तू नाहीस म्हणून माझ्या खोलीत घातलेले. पहाटे पाचला पोट आतबाहेर करत असा श्वास सोडतात की मला वाटलं गावच्या लाँचचं इंजिन सुरू झालं.

सगळ्यात चीड कसली येते सांगू? तीस वर्षं मिरकाब बाजारातल्या टायपिंगच्या दुकानात बसून मी अर्ध्या कुवेतचे राहण्याच्या इकाम्याचे, व्हिसाचे फॉर्म भरले. आणि माझ्याच बायकोचा पासपोर्ट व्हिसा केंद्रातून वेळेवर परत येत नाही! मयूर म्हणतो, सोमवारपर्यंत आला तर काकूंना सँटोरिनी बेटावर ग्रुपमध्ये घेता येईल. मी आस सोडलेली नाही. तूही सोडू नकोस.

एकटी आहेस म्हणून बिल्डिंगच्या वॉचमनला, कमालला, सांगून ठेवलंय, दिवसातून तीनदा बेल वाजवून चौकशी करायची. खालच्या मजल्यावर चारुशीलावहिनींनाही फोन केला. आतिफलाही बजावलं.

रक्तदाबाची गोळी कुठल्या कप्प्यात आहे?

तुझा,
फारूक


महबूला, कुवेत
शनिवार, ११ ऑक्टोबर

आतिफच्या अब्बांस सलाम.

इथे सर्व खुशाल आहे.

गोळ्या बॅगेच्या उजव्या कप्प्यात, राखाडी मोज्यांच्या जोडीत. तिथेच चष्म्याची दुसरी काडीही आहे, ती उद्या विचाराल म्हणून आजच लिहिते.

खांब बघायला मिळाले नाहीत याचं वाईट वाटलं. पण जे मिळतंय ते तरी नीट बघा, मयूरवर चिडण्यात ते पंधरा मिनिटंही घालवू नका. तो पोरगा चाळीस म्हाताऱ्यांची मोट बांधून चाललाय.

पासपोर्टाच्या मागे धावू नका. आला तर आला. माझ्या नशिबात ग्रीस नसेल तर नसेल, त्याला काय एवढं. तुम्ही मजा करा.

आता माझं एक गाऱ्हाणं. कमाल सकाळी नऊला बेल वाजवतो, दुपारी एकला वाजवतो, संध्याकाळी सहाला वाजवतो. दार उघडलं की छातीवर हात ठेवून त्याच्या अरबीत, “मामा, कुल्लू तमाम?” म्हणजे आई, सगळं ठीक ना? मी म्हणते तमाम. तो म्हणतो, “बाबा फारूक ताकीद देऊन गेलेत.” एकच्या बेलीला माझा डोळा लागलेला असतो. जरा सांगा त्याला.

चारुशीला काल साबुदाण्याची खिचडी घेऊन आली आणि तीन तास बसली. तिचा नवरा मीना अल-अहमदीला रिफायनरीत शिफ्टवर, तिलाही करमत नाही. “नूरीताई, तुम्हाला एकटं सोडायचं नाही असं काकांनी बजावलंय,” म्हणाली. बाई गुणाची आहे. पण तीन तास.

नूरी


अथेन्स
रविवार, १२ ऑक्टोबर, सकाळ

नूरीस सलाम.

गोळ्या सापडल्या. काडीही सापडली. बनियन कुठे आहेत?

काल डेल्फी नावाच्या गावी नेऊन आणलं. जुन्या काळी तिथे एक बाई धुरात बसून लोकांचं भविष्य सांगायची. जायला तीन तास, यायला तीन तास, तिथे एक तास. शत्रुघ्नराव म्हणाले, “फारूकभाई, त्या बाईला आपल्या बसचं भविष्य विचारायला पाहिजे होतं.” माणूस वाईट नाही.

जेवणाचं ऐक. तीन बाजूंना समुद्र असलेला देश. मी खाडीकाठचा माणूस, मला वाटलं ताटात रोज मासा येईल. आम्हाला दोन्ही वेळा इंडियन रेस्टॉरंटात नेतात. पनीर, राजमा, गाजर हलवा. परत पनीर. परवा पिरेयसच्या बंदराजवळून बस गेली, काचेतून कोळशावर भाजणाऱ्या माशाचा वास आला. मी उठून उभा राहिलो. मयूर म्हणाला, “काका, बसा, बस चालू आहे.” मी म्हटलं, “बाबा रे, एक दिवस तरी मासे!” तर म्हणतो, “ग्रुपचं जेवण बुक आहे काका. आणि निम्मा ग्रुप वास सहन करत नाही.”

हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? बाजूची सीट रिकामी आहे.

तुला एकटं वाटत असणार, मला कळतंय. तू लिहिणार नाहीस, तुझा स्वभावच तसा. आतिफला सांगितलंय की सूनबाई शाझियाला आणि फैजानला तुझ्याकडे ठेव.

आज जहाजाने मायकोनोस बेटावर निघतोय.

फारूक


महबूला
रविवार, १२ ऑक्टोबर

सलाम.

बनियन तुमच्या अंगात नसतील तर तळाला, निळ्या पिशवीत.

आतिफला का सांगितलंत? मी काय सामान आहे का, याच्याकडून त्याच्याकडे द्यायला? तो फैजानला सोडून गेला. पोरगं गोड आहे, पण मी म्हटलं, “बाळा, काय खाशील?” तर कानाला लावलेलं न काढता, “एनिथिंग, दादी.” एनिथिंग म्हणजे काय शिजवू? शेवटी भात, डाळ, आमलेट, शेवया सगळं केलं, आणि त्याने चिप्स खाल्ले.

मला एकटं वाटत नाही. एकटं वाटायला आधी एकटं असावं लागतं.

इथे सर्व खुशाल. आता रोज रोज लिहू नका, तिथला समुद्र बघा.

नूरी


मायकोनोस
सोमवार, १३ ऑक्टोबर, सकाळ

नूरीस सलाम.

तुझं पत्र वाचलं. इतकं तुसडं तू कधी लिहीत नाहीस. ‘सर्व खुशाल’ मात्र दोन्ही पत्रांत लिहिलंस.

इथल्या जुन्या बंदरात सकाळी गेलो होतो. कोळी संगमरवराच्या ओट्यावर मासळी टाकून बसतात आणि बाजूला बदकासारखा एक भलामोठा पक्षी वाट बघत उभा असतो. दोरीवर वाळत टाकलेले आठ पायांचे माकूल बघून आपल्या अंगणातले बोंबील आठवले. एका म्हाताऱ्याशी खुणांनी बोलत होतो. जाळ्याची गाठ त्याची आणि आपली एकच आहे, नूरी! मला त्याने सुतळी दिली, मी बांधून दाखवली, तो हसला. तेवढ्यात छत्री आली. “काका, पवनचक्क्या बघायला सगळे पुढे गेले!”

आता महत्त्वाचं. आज सोमवार, शेवटचा दिवस. पावतीचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मयूरला सांगितलंय, कुवेतच्या व्हिसा केंद्रात फोन लावून चौकशी कर. तू कपडे भरून ठेव. विमानाचं आतिफ बघेल.

फारूक


महबूला
सोमवार, १३ ऑक्टोबर

अहो, फोन लावू नका. त्या लोकांच्या पाठीस लागू नका. मी येत नाही. माझे गुडघे दुखतात, इतक्या पायऱ्या मला जमायच्या नाहीत. तुम्ही बघून या, मला सांगा, मी बघितल्यासारखंच आहे.

सर्व खुशाल आहे.

नूरी


मायकोनोस
मंगळवार, १४ ऑक्टोबर, सकाळ

नूरी,

मयूरने फोन लावला होता. व्हिसा केंद्रातल्या मुलीने पावतीचा नंबर बघून सांगितलं, “पासपोर्ट सात तारखेला मंगळवारी नेला आहे. अर्जदाराने स्वतः सही करून.”

अर्जदार तू. सात तारीख. मी नऊला निघालो. विमानतळावर तू माझी कॉलर सारखी केलीस तेव्हा पासपोर्ट घरात होता.

मी काल दुपारपासून याचा विचार करतोय, आणि मला एकच उत्तर सापडतंय. तू आजारी आहेस.

शहाण्णव साली अपेंडिक्स कापून नऊ दिवस दवाखान्यात पडून होतीस आणि मला कुवेतात तीन पत्रं आली, तिन्हींत ‘सर्व खुशाल’. मला कळलं सहा महिन्यांनी, रजेवर आल्यावर टाके बघून. परदेशातल्या माणसाला वाईट कळवायचं नाही, हे तुझ्या सासूने तुला शिकवलं. या आठवड्यात परदेशातला माणूस मी आहे. पासपोर्ट लपवलास, चिडचिड करतेस, फोन उचलत नाहीस, गुडघ्यांचं काल नवीन काढलंस. आतिफला विचारलं तर, “अब्बा, शी इज फाइन, चिल करा.” तो काही लपवताना असाच इंग्रजीत शिरतो.

डॉक्टरने काय सांगितलं? कुठे गाठ आहे का? मला खरं लिही.

मी मयूरला सांगितलंय, सँटोरिनीला जात नाही. इथून अथेन्स, तिथून मिळेल त्या विमानाने घरी. तो म्हणतो, “काका, जहाज अकराला आहे, तोपर्यंत ठरवा.” शत्रुघ्नरावांनी माझी बॅग भरली. त्यांची बायको अशीच गेली म्हणाले, न सांगता. तेव्हा कुठे मला कळलं की हा माणूस दोन माणसांच्या सहलीवर एकटा का आलाय.

अकराच्या आत उत्तर दे.

फारूक


महबूला
मंगळवार, १४ ऑक्टोबर, सकाळी साडेनऊ

अहो, बॅग खाली ठेवा. आधी हे पूर्ण वाचा.

मला काही झालेलं नाही. गाठ नाही, ताप नाही, साधी सर्दीसुद्धा नाही. फैजानच्या डोक्यावर हात ठेवून सांगते. आतिफला यातलं काहीच माहीत नाही, त्याला रागावू नका. तो एरवीही इंग्रजीतच शिरतो.

पासपोर्ट तांदळाच्या डब्यात आहे. सात तारखेला मला मेसेज आला, टॅक्सीने गेले, सही करून आणला. आत ग्रीसचा व्हिसा छान चिकटवलेला. येताना मला आनंदच झाला होता, खोटं कशाला लिहू. संध्याकाळी तुम्ही दुकानातून आलात की सांगायचं ठरवलं होतं.

तुम्ही आलात आणि बॅग भरायला बसलात. “नूरी, माझा चष्मा. नूरी, गोळ्यांचं पाकीट. नूरी, बसमध्ये तू खिडकीकडे नको, बाहेरच्या बाजूला बस, म्हणजे मला पाणी द्यायला बरं. नूरी, टोपी तुझ्या पर्समध्ये ठेव, मी हरवतो.” तुम्ही रागाने नाही बोललात, हौसेनेच बोललात. आणि मी मोजे दुमडता दुमडता थांबले. मनात आलं, ग्रीसमध्येही मी हेच करणार आहे, फक्त पायात बूट घालून.

मग दुसरं मनात आलं. तुम्ही गेलात आणि मी राहिले, तर हे घर कसं असेल?

खरंच सांगते, मला माहीत नव्हतं. माहेरी आम्ही सात बहिणी. सासरी अकरा माणसं, तुमची आई माझ्या खाटेशेजारी झोपायची. मग इथे आलो, तुम्ही, पोरं, तुमच्या गावचे नोकरी शोधायला आलेले पाहुणे, मग सून, नातू. एकसष्ट वर्षांत मी एकदाही एकटी जेवले नव्हते, अहो. कुणाच्या तरी जेवणाची वेळ बघूनच मला भूक लागायची. मला वाटलं, आठ दिवस. फक्त आठ. दार लावलं की आत कुणी नाही, आणि भूक माझी.

सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, “वेडी आहेस का, लोक ग्रीसला जायला तरसतात.” म्हणून डब्यात घातला. चुकलं असेल. पण पहिल्या दिवशी तुम्हाला सोडून आले, कुलूप उघडलं, आणि चप्पल न काढता सोफ्यावर बसले. एसी बंद केला, तुमच्यासाठी तो सदा चालू असतो. कसला आवाजच नव्हता. मी दुपारी चारला पातेल्यातूनच दहीभात खाल्ला, आणि मला हसू आलं.

तो एक दिवस. दुसऱ्या दिवसापासून तुमची काळजी माझ्या दाराशी रांग लावून उभी आहे. कमाल तीनदा, चारुशीला खिचडी घेऊन, मग तिचा ढोकळा, फैजानची एनिथिंग, शाझियाचा फोन, “अम्मी, मी येऊ का?” आणि वरून तुमची पत्रं, गोळी कुठे, बनियन कुठे. फोन उचलला नाही कारण मी खाली समुद्रावर चालायला गेले होते. कालचा तेवढा एक तास मला मिळाला, त्यात तुम्ही मला दवाखान्यात नेऊन ठेवलंत!

आणि ‘सर्व खुशाल’चा हिशेब मला लावू नका. त्र्याण्णव साली पाच महिने तुम्हाला काम नव्हतं, एका खोलीत नऊ जण झोपत होतात, आणि मला पत्र येत होतं ‘सर्व खुशाल’. दुसऱ्याच्या हातून पत्रं लिहवून घ्यायला नकोत म्हणून मी चौथी शिकलेली बाई आतिफच्या पुस्तकांवरून हात घटवत बसले होते. कशासाठी? तुमचं खोटं वाचायला आणि माझं खोटं लिहायला? आज पहिल्यांदा खरं लिहिलंय. रागवायचं असेल तर रागवा, पण सँटोरिनीला जा.

सव्वादहा वाजले. दारावर बेल वाजतेय. कमाल असणार, आज उशीर झाला त्याला.

नूरी


सँटोरिनी
बुधवार, १५ ऑक्टोबर

नूरी,

जहाजात चढलो. काल दिवसभर तुला लिहिलं नाही, कारण जे सुचत होतं ते पाठवण्यासारखं नव्हतं. अजूनही राग आहे. चाळीस लोकांना मी रोज सांगत होतो, बायकोचा पासपोर्ट अडकला हो, बिचारी घरी बसलीय. बायकांनी तुझ्यासाठी दुवा मागितली. आता त्यांना काय सांगू, पासपोर्ट तांदळात होता? शत्रुघ्नरावांना तेवढं सांगितलं. ते म्हणाले, “फारूकभाई, नशीबवान आहात. नुसती घरीच आहे.” मग माझ्या बॅगेतली बनियन परत घडी करून ठेवू लागले. मी म्हटलं, राहू दे, मी करतो.

काल संध्याकाळी मी मयूरला खोटं सांगितलं. पोट बिघडलंय म्हणालो. सगळे नारिंगी टोप्या घालून सूर्यास्ताच्या फोटोला वर गेले आणि मी तीनशे पायऱ्या उतरून खाली बंदरात गेलो. पाण्याला लागून टेबल होतं. बोट दाखवून मासा घेतला, कोळशावर भाजून आणला, वर नुसतं लिंबू. इतकी वर्षं काटे तू काढून दिलेस, मला सवय नाही. एक घशात अडकला, पाव गिळला, गेला. दुसरा अर्धा तास बसून कोरून कोरून खाल्ला. कुणी ‘चला’ म्हणालं नाही. मला कुणाला काही विचारायचं नव्हतं, सांगायचं नव्हतं.

मजा आली का? आली. हे लिहिताना पुन्हा तुझाच राग येतोय.

आता कामाचं. कमालला फोन करून सांगितलं, बेल बंद. तो म्हणाला, “बाबा, मामावर भांडण?” मी म्हटलं, नाही, मामाला सुट्टी आहे. चारुशीलावहिनींना सांगितलं, त्या हसल्या आणि म्हणाल्या, “काका, मला वाटलंच होतं. पहिल्या दिवशी दार उघडताना नूरीताईंचा चेहरा जसा खुलला होता, तसा मी तीन तास बसले तरी पुन्हा दिसला नाही.” आतिफला सांगितलं, फैजानला घेऊन जा.

मी उद्या, गुरुवारी दुपारी उतरतोय. घरी येत नाही. आतिफकडे राहीन. माझ्यामुळे तुझे जितके दिवस गेले तितके भरून देता येत नाहीत, दुकान आहे. दोन देतो. शनिवारी संध्याकाळी येईन.

गोळ्या मोज्यात आहेत, मला माहीत आहे.

फारूक


महबूला
गुरुवार, १६ ऑक्टोबर

आतिफच्या अब्बांस सलाम.

पत्र काल तीनदा वाचलं. आज सकाळी बेल वाजली नाही. साडेदहाला उठले. मग पासपोर्ट तांदळातून काढला, पुसला, तुमच्या कागदांच्या फायलीत ठेवला. व्हिसाची मुदत अजून शिल्लक आहे, तुम्ही फॉर्मवाले, तुम्हीच बघा किती.

शनिवारीच या, मी दोन्ही दिवस घेते, भीड धरत नाही. पण उद्या जुम्म्याची नमाज झाली की जेवायला या. फहाहीलच्या बाजारातून झुबैदी, इथलं पापलेट, आणते, तुमच्या त्या लिंबूवाल्या माशापेक्षा बरं कालवण करीन. काटे मी काढून देणार नाही. बसून, कोरून कोरून खा, मलाही सांगा त्या जाळ्याच्या गाठीचं. आणि जेवण झालं की उठून आतिफकडे जा.

किल्ली तुमच्या खिशात आहे, मला माहीत आहे. उद्या ती लावू नका. बेल वाजवा. मी येऊन उघडीन.

नूरी